बेबीवहिनीचा हात आणि जांभळीची पाठ

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. बेबीवहिनी जाऊन आता दुसरा पावसाळा आला, तरी अजून आमच्या फाटकाशी गाडी थांबते, काच खाली होते आणि आतून आवाज येतो, "बेबीबाय हायत काय? घोड्याला खोगीर बगवाचा होता." मी सांगते की त्या गेल्या. मग तो माणूस बसल्या जागी हात जोडतो आणि गाडी वळवून निघून जातो. खोगीर मलाही कळतं हो. पण मला कोण विचारतो!

बेबीवहिनी ही माझी थोरली जाऊ. नाव बेबी आणि देह असा, की दारात उभ्या राहिल्या की खोलीतला उजेड कमी व्हायचा. अंगात फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल आणि गळ्यात सोनं. तबेल्यात शेण काढतानासुद्धा सोनं. मी एकदा न राहवून म्हटलं, "वहिनी, निदान इथे तरी काढून ठेवा." त्या म्हणाल्या, "का म्हनून? घोड्यान्ला पन कलला पायजे आपन कोनाची हाव ते." घरातले सगळे हसले. तीच गोष्ट मी बोलले असते तर कोणी हसलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी डोंबिवलीची. बँकेत नोकरी, प्रेमविवाह, आणि पनवेलजवळच्या या आगरी घरात धाकटी सून. आमची शेतं प्रकल्पात गेली तेव्हा गावातल्या लोकांनी मोबदल्याच्या पैशांतून इमारती उठवल्या, डंपर घेतले, हॉटेलं काढली. आमच्याकडे घोडे आले, ते वहिनींमुळे. त्यांचे वडील मोऱ्याच्या बंदरावर टांगा चालवायचे. धक्क्यावर लाँच लागली की उतारू भरून उरणला न्यायचे. वहिनी त्या टांग्याच्या मागेपुढे वाढल्या. सासरी त्यांनी भाऊजींच्या मागे लागून दोन पांढरे घोडे घ्यायला लावले, नवरदेवाच्या वरातीसाठी. तुळशीचं लग्न झालं की आमचे घोडे बुक व्हायचे ते थेट पावसापर्यंत.

कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे. "दिसतो चांगला, बसतो काय?" ब्लाउज असो, सोफा असो, भाच्याला सांगून आलेली मुलगी असो की निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार. माझ्या लग्नात मला मांडवात वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या सासूबाईंना म्हणाल्या होत्या, "दिसाया चांगली हाय. बसल का नाय ते बगू." मी हे ऐकलं होतं आणि विसरले नाही.

एका वरातीची गोष्ट सांगते. जासईच्या एका मोठ्या घरचं लग्न. डेकोरेटरने घोड्यावर आरशांचं, गोंड्यांचं कसलंसं झगमगीत खोगीर चढवलं होतं आणि त्यावर नवरदेव. वरात चार पावलं गेली असेल, वहिनी गर्दीतून घुसल्या आणि लगाम धरून उभ्या राहिल्या. "उतर खाली." नवरदेव बिचारा उतरला. मागे कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, डीजे बंद पडला. वहिनींनी भर रस्त्यात पोटाखालचा तंग सोडला, ते झगमगीत प्रकरण उचलून डेकोरेटरच्या हातात दिलं, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि टेम्पोतून आपलं साधं खोगीर मागवलं. नवरदेवाचा बाप तणतणत आला. त्या म्हणाल्या, "शेठ, तुमाला मिरवाचा हाय ना, मिरवा. माज्या घोड्याला रडवाचा नाय." आणि झालं काय? दुसऱ्या दिवशी त्याच शेठने त्यांच्यासाठी पैठणी पाठवली. काय बाई आहे, म्हणाला. मी कोणाची वरात अडवली असती तर मला त्याच रात्री डोंबिवलीला पोचवून आले असते.

असं सगळं मी गिळत होते, कारण जावाजावांमध्ये तेवढं चालायचंच. पण मग माझी तन्वी घोड्यावर बसायला लागली, आणि ते मात्र मला गिळता येईना.

तन्वी माझी एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर पायरीवर आणि पोरगी तबेल्यात. तिला खोकला झाला तर "काकू म्हणते आल्याचा रस घे." तिला निबंध लिहायचा तर विषय काकू. मी बँकेतून दमून आल्यावर चहा ठेवायची आणि खिडकीतून बघायची, तर ह्या दोघी घोड्याच्या पोटाखाली वाकून काहीतरी कुजबुजत हसतायत. मला बघितलं की हसणं थांबायचं. लपवण्यासारखं त्यात काही नसणार, हे कळत होतं. तरी गॅसवरचा चहा उतू जाईपर्यंत मी खिडकीतून हलत नसे.

तन्वी दहावी झाली तेव्हा तिच्या बाबांनी तिला स्वतःची घोडी घेऊन दिली. काळसर जांभळ्या झाकेची, म्हणून जांभळी. तन्वीने ठरवलं की माघातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं. ही शर्यत नुसती वेगाची नसते. माळरानावरून, टेकड्यांवरून दिवसभर जायचं आणि ठिकठिकाणी डॉक्टर घोडा तपासतात. पाठीवरून बोटं फिरवताना घोडं जरा जरी दचकलं, पाठ दुखतेय असं दिसलं, की तिथेच बाद. सगळी भिस्त खोगिरावर.

मी मनाशी ठरवलं, खोगीर आपण द्यायचं. घोडी बाबांनी दिली, विद्या काकूने दिली, निदान पोरगी बसेल ती जागा तरी आईची असू दे. मुंबईला जाऊन मी एक सुंदर तपकिरी खोगीर आणलं. घरात नुसतं ठेवलं तरी चामड्याचा वास सुटायचा. तन्वी नाचली. वहिनींनी ते हातात घेतलं, कातडं दुमडून बघितलं, शिवणीला नख लावून ओढलं आणि म्हणाल्या, "माल एक नंबर हाय." मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी तांदळाच्या पिठाचा डबा मागवला.

ही त्यांची खास पद्धत. भाकरीचं पीठ घोडीच्या पाठीवर हलक्या हाताने भुरभुरायचं, वर नुसतं खोगीर ठेवायचं, तंग आवळायचा, तन्वीला बसवून अंगणात एक फेरी मारायची आणि खोगीर सरळ वर उचलून उलटं करायचं. खोगिराच्या दोन्ही गाद्यांना पीठ सारखं लागलं तर ठीक. माझ्या खोगिराला पुढे पीठ होतं, मागे होतं आणि मधे कोरं करकरीत.

"बग सुमी," वहिनी मला म्हणाल्या, "पुलासारखा बसलाय. पुडं टेकला, मागं टेकला, मधी हवा. सगला वजन चार जागी टोचल."

माझे यजमान म्हणाले, खाली जाडसा लोकरीचा नमदा घालू, भरून निघेल. त्यावर वहिनी कडाडल्या, "ही खोगीरभरती मना नको. चप्पल लहान झाली तर दोन मोजे घालशील काय रे?"

पुन्हा सगळे हसले. तन्वीसुद्धा. मी ते खोगीर उचलून माळ्यावर टाकलं आणि त्या दिवशी जेवले नाही. कोणी चौकशीही केली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवले.

भाद्रपदात वहिनींनी स्वतः खोगीर आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातलं, जुनं पण दणकट. पिठाची परीक्षा झाली. दोन्ही गाद्या एकसारख्या पांढऱ्या. दोन गाद्यांमधला बोगदा पाठीच्या कण्यावर मोकळा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्याच्यावर बोटं सहज फिरत होती. खांदे सुटे. वहिनींनी गल्लीभर लोकांना बोलावून ते दाखवलं. तन्वीने त्यांच्या गळ्याला मिठी मारली, सोन्यासकट.

दिवाळी झाली. तन्वीचा सराव वाढला, रोज पहाटे खाडीच्या बाजूला लांबवर जाऊन यायची. एका रविवारी ती क्लासला गेली होती म्हणून जांभळीला खरारा करायची पाळी माझ्यावर आली. उंचवट्यापाशी हात गेला तशी घोडीने कान मागे पाडले आणि कातडी थरथरवली. मी पुन्हा हात लावला, पुन्हा तेच. केस जरा विस्कटलेले दिसले. मी गुपचूप खोगीर ठेवून बघितलं, तर ते पुढून पार खाली बसलेलं. बोट सोडा, बटाट्याचं सालसुद्धा आत गेलं नसतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. घोडीची पाठ दुखतेय आणि मी तबेल्यात उभी राहून हसतेय. कारण मला समजलं होतं. पावसाळ्यात हिरवं गवत खाऊन घोडी गुबगुबीत झाली होती, तेव्हा खोगीर मापाचं होतं. सरावाने तिचं अंग उतरलं आणि खोगीर ढिलं होऊन हाडावर आलं. चूक झाली होती, आणि ती बेबीवहिनींची होती.

मी रात्रीच्या जेवणापर्यंत कळ काढली. सगळे पानावर बसले, वाढून झालं आणि मग मी अगदी सहज, आमटी वाढल्यासारखं सांगितलं. वहिनी हातातला घास तसाच ठेवून उठल्या. तबेल्यात गेल्या. परत आल्या तेव्हा उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सुमी बरोबर बोलते. चूक माजी हाय. घोडीला मी दुखवली."

मला वाटलं होतं, आता तरी तराजू माझ्या बाजूला झुकेल. कसलं काय! वहिनी दुसऱ्या दिवसापासून गावभर स्वतःच सांगत सुटल्या, की माझी चूक झाली, भादव्यात खोगीर घेतला, तुमी असा करू नका. आणि लोक? लोक म्हणायला लागले, बघा, एवढी जाणती बाई, पण चूक कबूल करायला केवढं मन लागतं! भाऊजींचे डोळे भरून आले. तन्वी म्हणाली, "काकू किती ग्रेट आहे ना, आई?" ती चूक पकडली कोणी, हे एकाही माणसाने विचारलं नाही. चूक वहिनींची आणि कौतुकही त्यांचंच.

घोडीची पाठ बरी व्हायला वेळ गेला. शर्यत जवळ आली आणि खोगीर नव्हतं. तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "सुमी, तू गाडी काड. पुन्याला जावू. तू आनि मी." मी का हो म्हटलं कोण जाणे. बहुतेक तन्वीचा चेहरा बघून.

दुकान मोठं होतं. वहिनींनी एकेक खोगीर पोटाशी धरून दोन्ही हातांनी आवळायला सुरुवात केली. आतला सांगाडा मोडका असेल तर तो कुरकुरतो म्हणे. दुकानदार पोरगा तोंडाला हात लावून हसत होता. चौथं की पाचवं खोगीर कुरकुरलं तेव्हा त्याचं हसणं बंद झालं आणि तो आतल्या मालकाला बोलावून घेऊन आला. जांभळीच्या पाठीचं माप वहिनींनी तारेचा तुकडा वाकवून आणलं होतं, त्याला लावून त्या बघत होत्या. शेवटी एक पसंत पडलं. गाद्यांत लोकर होती, म्हणजे घोडी जाड-बारीक झाली तर भर कमी-जास्त करता येणार.

दुकानदाराने ते लाकडी घोड्यावर चढवलं आणि म्हणाला, "बसून बघा ना मॅडम." मी बसले, उतरले. मग तो वहिनींकडे वळला. वहिनी त्या लाकडी घोड्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नको. मोडंल." आणि टॉवेलने तोंड पुसून बाहेर निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत त्या वळून वळून मागे बघत होत्या. खोगीर मागच्या सीटवर होतं. मग एकदम म्हणाल्या, "सुमी, मी कदी घोड्यावर बसले नाय. तुना मायत हाय?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"बापाचे घोडे मी धुतले, चारले, मलम लावला. पन बसू नाय दिला. पोरीच्या जातीनं बसवाचा नाय, बोलायचा. मंग लगीन झाला. मंग ह्यो देह असा झाला. आता मी बसले तर घोड्याचाच कना मोडंल. कुनाच्या पाठीला किती भार सोसल, ते मना नाय कलनार?"

मी गाडी चालवत राहिले. 

"माजे दोगं पोरगे बग. एक न्हावा शेव्याला क्रेनवर, दुसऱ्याचा ट्रेलर. घोड्याच्या वासानं नाक दाबतात. आनि तुजी पोर अशी बसते... सकाली ती निंगाली ना, की मी दारात उबी ऱ्हाऊन बगते. मना तुजा राग येतो गो सुमी. लय राग येतो. भादव्यात खोगीर घेवाचा नसतो, घोडी तवा फुगलेली असते, ह्ये काय मना मायत नवता? पन तू आनलास ना पोरीला खोगीर, मंग मना राहवला नाय."

आता कोणाला वाटेल की माझं मन भरून आलं असेल. आलंही असेल थोडं. पण त्याआधी जे वाटलं ते सांगते. मला इतका आनंद माझ्या प्रमोशनच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. बेबीवहिनींना माझा हेवा वाटत होता! मी कळंबोलीच्या सर्कलला गाडी थांबवून दोघींसाठी उसाचा रस घेतला आणि वहिनींचा ग्लास संपायच्या आधी दुसरा सांगितला. त्या म्हणाल्या, "आज लय उदार झालीस." मी म्हटलं, घ्या हो.

माघात शर्यत झाली, घाटावरच्या माळरानात. तपासणीच्या जागेला दोरी बांधलेली असते आणि आत घोड्याबरोबर एकाच मदतनिसाला सोडतात. त्याच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असतो. तन्वीने अर्थातच काकूचं नाव दिलं होतं.  मी शहाणी आई असल्यासारखे डबे भरून घेतले आणि दिवसभर दोरीबाहेर उन्हात उभी राहिले. पहिल्या थांब्याला तन्वी आली, वहिनींनी खोगीर काढलं, पाणी मारलं, डॉक्टरांनी बोटं फिरवली, पास. दुसऱ्या थांब्याला तसंच. प्रत्येक वेळी तन्वी लांबूनच हाक मारायची, "काकू!" आणि मी हात वर केलेला असायचा तो केसांवरून फिरवून खाली घ्यायची.

शेवटची तपासणी राहिली होती. शर्यत पूर्ण करून घोडी आत येणार, खोगीर उतरणार आणि पाठ बघून निकाल. टेकाडावर जांभळी दिसायला लागली, तेवढ्यात वहिनी दोरीपाशी आल्या. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला.

"जा. तू काड खोगीर. मना चक्कर येते."

"अहो, पण मी कधी..."

"तंग पयला सोड. मंग सरल वर उचल, फरपटवू नको. जा ना!"

ती चक्कर खरी होती की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. चैत्रात त्या आजारी पडल्या आणि लवकरच गेल्या, म्हणजे खरीही असेल. पण त्या वेळी त्यांचा चेहरा चांगला तुकतुकीत दिसत होता आणि हातात अर्धी भाकरी होती.

मी दोरीखालून आत गेले. तन्वी उतरली, तोंडावर धूळ. तिने मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. "काकू कुठंय?" मी म्हटलं, "मी आहे." तंग सोडला, खोगीर सरळ वर उचललं. खाली घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा, मधे कुठे कोरडी जागा नाही, कण्यावर एक सुकी रेघ. डॉक्टरांनी उंचवट्यापासून मागेपर्यंत दाबत दाबत बोटं नेली. जांभळी शेपटी हलवत उभी. त्यांनी पुन्हा एकदा नेली. मग मान हलवून म्हणाले, "पाठ एकदम छान आहे. पास."

तन्वीने मला मिठी मारली. किती वर्षांनी मारली, आठवत नाही. घामाने, घोडीच्या वासाने ओली झालेली माझी पोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, "आई, झालं गं, झालं." तिच्या डोक्यावरून मला पलीकडे दिसलं. बेबीवहिनी दोरीला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. दोरी ताणली जाईल तितक्या पुढे वाकलेल्या. भाकरी कुठेतरी पडली होती. आमच्याकडे बघत होत्या आणि तोंडावर हसू नव्हतं. तो चेहरा मी चांगला ओळखत होते. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी तोच चेहरा करून तबेल्याकडे बघत आले होते.

त्यांना आत बोलवता आलं असतं. पास झालेल्या घोड्यापाशी मग कोणी अडवत नाही. नुसता हात केला असता तरी त्या धावत आल्या असत्या.

मी तन्वीला आणखी घट्ट धरलं.